रँचवरची सोयीची लग्नं : प्रेम नेमकं कुठल्या पानावर सुरू होतं?

शेवंती

गेल्या आठवड्यात तापाने अंथरुणाला खिळले होते. मैत्रिणीने उशाशी एक रँच रोमान्स, म्हणजे अमेरिकेतल्या गुरं पाळायच्या मोठ्या शेतावरची प्रेमकथा, आणून ठेवली आणि ती मी दोन दिवसांत संपवली. गोष्ट साधारण १९१०च्या वायोमिंगमधली. नायकाकडे गुरं आहेत, कुरण आहे, पण पाणी नाही. शेजारचा ओढ्यालगतचा तुकडा नायिकेच्या नावावर आहे. तिच्याकडे मात्र पैसा नाही, हाताशी माणूस नाही, आणि पदरात आठ वर्षांचा भाऊ. दोघं टेबलाशी बसून कागद करतात : एक वर्ष नावापुरतं लग्न. त्याच्या गुरांना तिच्या ओढ्याचं पाणी, तिच्या कुंपणाला त्याचे गडी. वर्ष संपलं की तू तुझ्या वाटेने, मी माझ्या. कागद पत्र्याच्या डब्यात जातो.

शेवटच्या प्रकरणात नायक तो कागद चुलीत टाकतो आणि तिला मिठीत घेतो. मला तिथे काहीच वाटलं नाही. त्याच्या कितीतरी आधी माझे डोळे भरून आले होते, पण कुठे आणि का, ते आता आठवत नाही. म्हणून विचारते. अशा कादंबऱ्या तुम्ही वाचल्या असतील तर तुमच्या मते व्यवहाराचं लग्न खरं लग्न कधी होतं? आणि हा सगळा प्रकार तुम्हाला पटतो का?

दुपारचा_चहा

मला नाही पटत. प्रत्येक पुस्तकात कुणाचं तरी मृत्युपत्र, नाहीतर कर्ज, नाहीतर अनाथ भाचा. लेखिकेला दोघांना एका छताखाली आणायचं असतं, म्हणून कारण शोधायचं. दोन धडधाकट माणसं निव्वळ पाण्यासाठी लग्न करतील?

कोरडवाहू

@दुपारचा_चहा, पाण्यासाठी? आमच्याकडे या, दाखवतो. विहिरीत हिस्सा असलेलं घर म्हटलं की सोयरीक जमायला अर्धा तास पुरतो. मुलीचा बाप आधी विचारतो पाणी किती परस आहे, मग मुलाचं शिक्षण. मी धाराशिवकडचा आहे, हे गमतीने लिहीत नाही.

रानवारा

शेवंती, तुमच्या कादंबरीचा पाया पक्का आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकन सरकार १६० एकर जवळजवळ फुकट देत होतं. अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. एकवीस वर्षांवरची अविवाहित बाई, विधवा, घटस्फोटित बाई, सगळ्यांना स्वतःच्या नावावर दावा नोंदवता येत असे. नवऱ्यासोबत नांदणाऱ्या बाईला मात्र नाही, कारण कुटुंबप्रमुख नवरा. म्हणजे लग्नाची तारीख आणि जमिनीच्या नोंदणीची तारीख यांत कुठली आधी, यावर १६० एकर अवलंबून.

दुसरी गोष्ट पाण्याची. आयोवात १६० एकरांवर कुटुंब सुखाने जगेल. वायोमिंगच्या कोरड्या माळावर तेवढ्यात मूठभर गाई जगतात. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८च्या अहवालात सरकारला स्पष्ट सांगितलं होतं की या भागात चराईचं शेत २,५६० एकरांचं हवं आणि प्रत्येकाला पाण्याची कड मिळायला हवी. ऐकलं नाही. १९०९ साली मर्यादा ३२० एकरांवर नेली, गुरं पाळणाऱ्यांसाठी ६४० व्हायला १९१६ उजाडलं. तोपर्यंत ज्याच्या नावावर ओढा, त्याच्या हातात आजूबाजूचं सगळं कुरण. शेजारणीचा ओढा आणि आपलं गवत जोडायचे मार्ग तीनच : विकत घेणं, भांडणं, लग्न करणं. कादंबरीकार तिसरा निवडतात.

दुपारचा_चहा

बरं, पाण्याचं मान्य. मृत्युपत्राचं काय? 'एका वर्षात लग्न कर नाहीतर रँच चुलतभावाला' असं लिहिलेलं न्यायालयात टिकतं तरी का?

कायदेपंडित

टिकू शकतं. 'लग्न करू नकोस' अशी अट आणि 'लग्न कर' अशी अट यांत फरक आहे. पहिलीकडे न्यायालयं संशयाने बघतात. आपल्याकडेही १८७२च्या करार कायद्याचं कलम २६ सज्ञान माणसाच्या लग्नाला आडकाठी करणारा करार रद्दबातल ठरवतं. 'लग्न कर, मग मालमत्ता मिळेल' हे त्यात बसत नाही. 'बायकोला सोड, मग मिळेल' असं लिहिलं तर मात्र ती अट न्यायालयात टिकणं कठीण.

या कादंबऱ्यांमध्ये मला खटकतं ते वेगळंच. गोष्ट टेक्सासची असते आणि नायकाला भीती असते की घटस्फोट झाला तर निम्मी रँच जाईल. टेक्सासचा कायदा स्पॅनिश परंपरेतून आलेला आहे. लग्नानंतर कमावलेलं दोघांचं, पण आधीपासून असलेलं किंवा वारशाने आलेलं ज्याचं त्याचं. आजोबांची रँच कुठेही जात नाही. उलट एक गोष्ट खरी आहे, आणि ती कुठल्याच कादंबरीत वाचलेली मला आठवत नाही : राहतं घर ज्या जमिनीवर आहे ती विकायची तर टेक्सासात नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, नाव एकाचंच असलं तरी. नावापुरती बायको म्हणून आणलेली बाई सावकारासमोर बसून 'मी सही करणार नाही' म्हणते, हा केवढा मोठा प्रसंग होईल!

शेवंती

पंडितजी, हे तुम्हीच लिहा. मी पहिली वाचक.

काळी_माती

रानवाऱ्यांनी कायदा सांगितला, पण त्याची काळी बाजू राहिली. मला या कादंबऱ्या वाचवत नाहीत.

होमस्टेडच्या आधी, १८५० साली ओरेगनसाठी डोनेशन लँड कायदा झाला. तिथे आधीपासून असलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर. लग्न झालेलं असेल किंवा १ डिसेंबर १८५१पर्यंत झालं तर जोडप्याला ६४०, त्यातले निम्मे बायकोच्या नावावर. बायकोच्या नावावर जमीन, ऐकायला किती पुढारलेलं! प्रत्यक्षात पुरुष मुली शोधत फिरू लागले आणि बारा-चौदा वर्षांच्या पोरींची लग्नं लागली. ती सोय कुणाची होती? आणि ज्या जमातींची ती जमीन, त्यांच्याशी करारमदार पुरे होण्याआधीच तिचं वाटप सुरू झालं होतं. वायोमिंगचंही तेच. ज्या माळावर आपला नायक घोडा फेकतो, तिथून शोशोनी लोकांना १८६८च्या करारानंतर विंड रिव्हरच्या राखीव भागात जावं लागलं. दोघांच्या प्रेमाला जो पसारा लागतो तो कुणाकडून तरी घेतलेला आहे, आणि पुस्तकात त्याची एक ओळ नसते.

रानवारा

@काळी_माती, एकही शब्द खोडण्यासारखा नाही. मी तो भाग लिहायला हवा होता.

शेवंती

काळी_माती, मलाही हे माहीत नव्हतं. माझ्या पुस्तकात शोशोनींचा उल्लेख एकदाच येतो, एका नदीच्या नावापुरता. आता ते पान तसंच वाचता येणार नाही.

सुमनताई

मुलांनो, मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण 'सोयीचं लग्न' हा शब्द वाचून राहवलं नाही.

माझं लग्न १९७४ साली मिरजेत झालं. त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला होता, घरात बाईमाणूस हवं होतं. माझे वडील निवृत्त झाले होते आणि माझ्यामागे दोन बहिणी होत्या. वीस मिनिटं पाहिलं, पोहे खाल्ले, ठरलं. याला तुम्ही दुसरं काय म्हणाल? आमच्या पिढीत निम्मी लग्नं अशीच होती, फक्त कागद करून डब्यात ठेवत नसत.

मी शाळेत शिकवत होते. इंग्रजी प्रेमकथा वाचायचा मला नाद. सासूबाईंचं सगळं अंथरुणात, त्यामुळे वाचनालयात जायला वेळ मिळेना. एक दिवस हे कचेरीतून येताना सायकलच्या कॅरिअरला दोन पुस्तकं लावून आले. काही बोलले नाहीत, कपाटावर ठेवली. मग दर शनिवारी. त्यांना स्वतःला इंग्रजी वाचायचा कंटाळा, मुखपृष्ठावरून सगळी सारखीच दिसायची. तरी सहा-सात वर्षांत एकही पुस्तक दुसऱ्यांदा आलं नाही. मला वाटायचं योगायोग. मग एकदा सदरा भिजवताना खिशातून चिठ्ठी निघाली. घडी घालून घालून कापडासारखी मऊ झालेली. तिच्यावर बारीक अक्षरात आणलेल्या सगळ्या पुस्तकांची नावं देवनागरीत लिहिलेली, कारण त्यांना तसं लिहायला सोपं जाई.

त्यात रँचची पण पुष्कळ होती बरं का. शेवंती, कागद चुलीत टाकणारे नायक मी भरपूर वाचले. माझ्या लक्षात ती चिठ्ठी राहिली.

कोरडवाहू

ताई, नमस्कार करतो.

दुपारचा_चहा

मी ऑफिसात बसून वाचतेय आणि डोळे पुसतेय. पहिल्या प्रतिसादातला सूर मागे घेते.

बफेलोगवत

माझं सासर सातारचं, पण गेली आठ वर्षं आम्ही वायोमिंगमधल्या चेयेनला आहोत, म्हणून थोडं प्रत्यक्षातलं. माझी एक सहकारी रँचवर वाढलेली. तिच्या आईवडिलांकडे मी मार्चमध्ये दोन रात्री राहिले. मार्च म्हणजे विणीचा हंगाम. पहिलारू कालवडी वेगळ्या काढून गोठ्याजवळ ठेवतात आणि रात्रभर दर दोन-तीन तासांनी कुणीतरी उठून बघून येतं. बाहेर उणे पंधरा. नवरा-बायकोच्या पाळ्या ठरलेल्या, स्वयंपाकघरात भिंतीवर वही टांगलेली : कुठली कालवड, किती वाजता, काय दिसलं.

दुसऱ्या रात्री एक अडली. वासराचे पुढचे पाय बाहेर, डोकं मागे वळलेलं. काकूंनी बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या, हात आत घालून डोकं सरळ केलं. काकांनी पायांना साखळी लावली आणि कळ आली की ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. दोघं पाऊण तासात एक वाक्य बोलले नाहीत. वासरू पडलं ते निपचित. काकूंनी पेंढ्याची काडी त्याच्या नाकपुडीत फिरवली. शिंकलं! मग गोणपाटाने दोघं मिळून त्याला खसाखसा पुसत राहिले.

परत येताना मला एवढंच वाटलं की या कादंबऱ्यांमध्ये रात्रीच्या गोठ्याचा प्रसंग हमखास असतो तो उगाच नाही. अशा रात्री करार आठवणार कुणाला?

कोरडवाहू

अगदी बरोबर. आमच्याकडे म्हैस अडली की चार वर्षं अबोला धरलेले भाऊ एका कंदिलाखाली येतात. वार पडेपर्यंत कुणी हलत नाही.

बाकी @काळी_माती, बायकोच्या नावावर जमीन यावरून आठवलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती : स्वतःहून बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा. आमच्या वडिलांनी केली. दोन एकर. तलाठ्याकडून सातबारा आणून आईच्या हातात दिला तर आई म्हणाली, 'मी कुठं निघाले होते, की कागद देताय?' रागावलीच होती. पण तो सातबारा अजून तिच्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या शालूखाली. सोसायटीचं कर्ज काढायचं म्हटलं की वडील तेव्हापासून विचारतात, 'तुझ्या दोन एकरांवर काढू का?' आधी विचारत नसत.

काळी_माती

@कोरडवाहू, हे मनापासून आवडलं. ओरेगनच्या पोरींना असं कुणी विचारलं असतं तर मला ती गोष्ट वाचवली असती.

पुस्तकवेडी_नागपूर

अहो, एवढी चर्चा झाली आणि एलिनॉर प्रुइट स्टुअर्टचं नाव कुणीच घेतलं नाही! शेवंतीची नायिका प्रत्यक्षात होऊन गेली आहे.

एलिनॉर डेन्व्हरमध्ये कपडे धुण्याची आणि घरकामाची कामं करत होती, सोबत जेरीन नावाची छोटी मुलगी. १९०९मध्ये ती वायोमिंगच्या बर्न्ट फोर्क भागात क्लाइड स्टुअर्ट या रँचवाल्याकडे घर सांभाळायला म्हणून गेली. पोचल्यावर काही आठवड्यांतच त्याच्या शेजारचा तुकडा स्वतःच्या नावावर नोंदवला. आणि आठवडाभरात क्लाइडशी लग्न केलं! रानवारा, तुमच्या तारखांचा हिशेब इथे बरोबर लागतो. आधी नोंदणी, मग लग्न.

डेन्व्हरच्या आपल्या जुन्या मालकिणीला ती पत्रं लिहायची. 'अटलांटिक मंथली'त ती छापून आली आणि १९१४ साली त्यांचं पुस्तक झालं. लग्नाची गोष्ट मात्र तिने मालकिणीपासून बरेच दिवस लपवून ठेवली होती. पुढे कबूल करताना लिहिते की रँचवरची कामंच अशी होती की आधी लग्न करून घ्यावं लागलं आणि प्रियाराधन नंतरवर ठेवावं लागलं. पेरणीच्या धांदलीत कसाबसा वेळ काढून लग्न लागलं, अंगावरचा एप्रन काढायचाही राहून गेला होता.

आणि घर! तिच्या तुकड्याची हद्द क्लाइडच्या घरापासून दोन फुटांवर होती. तिने आपलं घर त्याच्या घराला लागूनच बांधलं. स्वयंपाक इकडे, जमीन तिकडे.

रानवारा

आणि तिथेच अडचण आली. कायद्याला आपल्या तुकड्यावरचं स्वतंत्र वास्तव्य हवं होतं. १९१२ साली तिने दावा सोडला आणि तो सासूच्या नावावर नोंदवला गेला. जमीन घरातच राहिली, पण बाईने एकटीने होमस्टेड पूर्ण करावं हे ती पत्रांतून जगाला सांगत होती आणि स्वतःचं मात्र राहून गेलं. मला ते फार लागतं.

पुस्तकवेडी_नागपूर

मलाही. पण तिची गवतकापणीची गोष्ट वाचा, मग तिच्याबद्दल वाईट वाटून घ्यावंसं वाटणार नाही. गवत तयार, यंत्र चालवायला माणूस मिळेना, क्लाइड माणूस शोधायला बाहेर गेलेला. एलिनॉर लहानपणी गवतकापणीचं यंत्र चालवायला शिकली होती, पण क्लाइड मनाई करेल या धास्तीने बोलली नव्हती. तो गेल्यावर तिने घोडे जुंपले आणि कापायला सुरुवात केली. तो हात हलवत परत आला तर गवत कापून पडलेलं. तो खूशच झाला.

दुपारचा_चहा

म्हणजे शेवंतीच्या प्रश्नाचं उत्तर हेच की! तो खूश झाला तिथे. चिडला असता तर जमीन, पाणी, एप्रन सगळं असूनही ते लग्न कागदावरच राहिलं असतं.

मिश्कील_मास्तर

थोडं अवांतर. १९२४ ते १९७१ अमेरिकेत 'रँच रोमान्सेस' नावाचं मासिक चालू होतं. पल्प म्हणजे खरखरीत स्वस्त कागदावरची मासिकं पन्नाशीच्या दशकात धडाधड बंद पडली, हे त्यांतलं शेवटच्यांपैकी एक. गुराख्यांच्या मारामाऱ्यांची मासिकं आधी संपली, प्रेमाचं सर्वांत जास्त टिकलं. माझी बायको वाचून म्हणतेय, 'यात नवल काय?'

सुमनताई

मास्तर, सूनबाईंना माझा आशीर्वाद सांगा.

बफेलोगवत

अजून एक भर. भिंतीवरच्या त्या वहीत मी मागची पानं चाळली होती, काकूंच्या परवानगीने. १९८०च्या दशकातल्या वह्यासुद्धा जपून ठेवल्यात. सुरुवातीच्या वर्षी सगळ्या नोंदी काकांच्या अक्षरात, काकूंची एखादीच, तीही पेन्सिलीने. तिसऱ्या वर्षापासून निम्म्या-निम्म्या. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, पहिल्या वर्षी मला काय दिसतंय यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता, तो मात्र माझी नोंद वाचून तशीच पुढची तयारी करायचा.

शेवंती

काल रात्री परत पुस्तक काढलं. कोरडवाहूंचे दोन एकर, ताईंची चिठ्ठी, काकूंची पेन्सिल हे सगळं डोक्यात ठेवून पहिल्यापासून वाचलं. आणि सापडलं.

मधल्या प्रकरणात हिमवादळ येतं. नायिका रात्री ओढ्यावरचा बर्फ फोडून येते. दार उघडते, अंगावरचा ओला कोट काढते आणि नेहमीप्रमाणे खुर्चीवर टाकायला जाते, कारण दाराशी एकच खुंटी असते, त्याची, आणि तिचा हात तिथवर पोचत नाही. आज तिथे दुसरी खुंटी असते. तिच्या खांद्याइतक्या उंचीवर. तिच्याखाली आणखी एक, भावाच्या उंचीला. लेखिका त्यावर काहीच म्हणत नाही. नायक तेव्हा घरातही नसतो. ती कोट अडकवते आणि चुलीत लाकडं सारते, संपलं. दोन ओळी आहेत सगळ्या मिळून. तापात मी तिथेच रडले होते, उशीजवळ पान दुमडलेलं सापडलं.

पण करारात तर एकच वर्ष होतं. एका वर्षासाठी कुणी भिंतीत खुंट्या ठोकत नाही.

कोरडवाहू

भावाची पण ठोकली ना? मग झालं.

काळी_माती

शेवंती, पुस्तकाचं नाव निरोपात पाठवशील? वाचून बघते.

सुमनताई

मलाही पाठव गं. आणि चिठ्ठीत लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्यांदा यायला नको.